मडगावचा मुलगा, मुंबईचा फलंदाज

गाणगापूर करून आम्ही अक्कलकोटला निघालो होतो. गोव्यातून दत्तदर्शनाला जाणाऱ्यांचा हा ठरलेला फेरा. ड्रायव्हरने जवळचा म्हणून एक आडरस्ता धरला आणि आळंद तालुक्यातल्या निंबर्ग्यापाशी टायर बसलं. (आळंद, पुण्याजवळची आळंदी नव्हे. जिल्हा कलबुर्गी, ज्याला आपण सवयीने अजून गुलबर्गाच म्हणतो.) स्टेपनीतही हवा नव्हती, त्यामुळे तास-दीड तासाची निश्चिंती झाली. चहाच्या टपरीसमोर तूर काढून मोकळ्या झालेल्या काळ्या रानात पोरं टेनिस बॉलने खेळत होती. शिव्या कानडीत, अपील इंग्रजीत, भांडण मराठीत. सीमेवरच्या गावाची ही श्रीमंती मला नेहमीच आवडते.

त्यांत एक काटकुळा पोरगा होता. रानाच्या टोकाला, पार बांधाला टेकून उभा. त्याच्याकडे चेंडू गेला की फलंदाज दुसरी धाव घ्यायला धजत नव्हते, कारण तिथून त्याची फेक सपाट यायची, थेट यष्ट्यांवर. यष्ट्या म्हणजे अर्थात तीन तुरकाट्या. मी टपरीवाल्याला म्हटलं, पोरगं चांगलं आहे हो. तो म्हणाला, "हाय की. पर हितं काय हाय त्याला? सोलापूरला मामाकडं धाडायचं म्हणतोय बाप."

हे वाक्य डोक्यात घेऊनच मी गाडीत बसलो. सोलापूरला मामाकडं. आपल्याकडे हेच वाक्य असं होतं: मुंबईला काकांकडे.

अमेरिकन बेसबॉलमध्ये त्या पोरासारखा लांब सीमेलगत उभा राहणारा जो असतो त्याला आउटफिल्डर म्हणतात. उंच उडालेले चेंडू झेलायचे आणि लांबून अचूक फेकायचे हे त्याचं काम. बेसबॉल मला फारसा कळत नाही, पण तिथल्या एका खेळाडूची गोष्ट वाचल्यापासून मनात राहिली आहे. मेल आल्माडा. मेक्सिकोतल्या सोनोरा प्रांतात, वातबाम्पो गावी १९१३ साली जन्मला. मेक्सिकोत तेव्हा क्रांतीची धामधूम चालू होती. घरचे लोक लहानपणीच त्याला घेऊन लॉस एंजेलिसला गेले, पोरगा तिथल्या मैदानांवर खेळत मोठा झाला आणि १९३३ मध्ये बोस्टन रेड सॉक्सकडून उतरला. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये खेळलेला तो पहिला मेक्सिकन. पुढे वॉशिंग्टन, सेंट लुइस, ब्रुकलिन असे संघ बदलत सात हंगाम खेळला, ६४६ सामने. आज मेक्सिको त्याला आपला पहिला म्हणून मिरवतो, आणि ते खोटं नाही. फक्त त्याचा खेळ घडला तो नदीपलीकडे.

हे वाचताना मला दिलीप सरदेसाई आठवला नसता तरच नवल. (क्रिकेटपटूला आपण 'अहो' म्हणत नाही. वडीलधारा असला तरी नाही. मीही म्हणणार नाही.)

गोव्यात सरदेसाईचं नाव निघालं की कुणीतरी म्हणतंच, "तो आमचो, मडगांवचो." म्हणावंच. ८ ऑगस्ट १९४० रोजी तो मडगावात जन्मला, तिथल्याच न्यू इंग्लिश हायस्कूलमध्ये शिकला. गोव्यात जन्मून भारताकडून कसोटी खेळलेला तो एकटाच. पण या 'आमचो'मध्ये आपण काय काय घालतो, ते एकदा तपासून पाहायला हवं.

त्या काळचा गोवा आठवा. राज्य पोर्तुगिजांचं. १९५५ साली सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यानंतर भारताने आर्थिक नाकेबंदी केली, कॅसलरॉकवरून येणारी रेल्वे बंद पडली, येण्याजाण्यावर परवान्यांचं बंधन आलं. खेळ म्हणजे फुटबॉल. क्रिकेट होतं ते पोरांच्या हौसेपुरतं. क्लब नाहीत, स्पर्धा नाहीत, शिकवणारा कुणी नाही. अशात १९५७ मध्ये सरदेसाई कुटुंब मुंबईला गेलं. दिलीप तेव्हा सतरा वर्षांचा. मुंबईतली पोरं ज्या वयात शालेय स्पर्धांचे चार-पाच हंगाम खेळून तयार झालेली असतात त्या वयात हा पहिल्यांदा नीट खेळपट्टी बघत होता.

विल्सन कॉलेजात मन्या नाईक या प्रशिक्षकांची नजर त्याच्यावर पडली. मुंबईत गेल्यावर तिसऱ्या वर्षी, १९५९-६० च्या आंतरविद्यापीठ रोहिंटन बारिया स्पर्धेत त्याने ४३५ धावा केल्या, सरासरी ८७. पुढच्या हंगामात पाहुण्या पाकिस्तानविरुद्ध विद्यापीठांच्या संघाकडून ८७. आणि १ डिसेंबर १९६१ ला कानपूरला इंग्लंडविरुद्ध पहिली कसोटी. २८ धावांवर टोनी लॉकच्या चेंडूवर स्वतःच्याच यष्टीला धक्का लागून बाद झाला. चार वर्षांत इतका पल्ला!

या तारखेशी मी नेहमी थांबतो. १ डिसेंबर १९६१. भारतीय सैन्य गोव्यात शिरायला अजून सोळा-सतरा दिवस होते. म्हणजे हा मुलगा भारताची टोपी घालून मैदानात उतरला तेव्हा मडगाववर पोर्तुगालचा झेंडा होता. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. आपल्यातला एक जण भारतात आपल्याआधी पोचलेला होता, तोही बॅट घेऊन. मुक्तीवर इतकं लिहिलं गेलं, त्यात ही गोष्ट मला कुठे फारशी दिसत नाही.

त्याच मोसमात वेस्ट इंडिजचा दौरा. बार्बाडोसला नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला ग्रिफिथचा चेंडू लागला, कर्णधार मरणाच्या दारात, आणि त्यानंतरच्या कसोटीत सलामीला पाठवलं गेलं ते या पोराला. त्याने ६० धावांची खेळी केली. १९६५ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध ब्रेबॉर्नवर भारत ८८ धावांत गुंडाळला गेला, फॉलोऑन बसला, आणि दुसऱ्या डावात सरदेसाई नाबाद २००. नंतर लगेच दिल्लीला १०६. पण तो कायम संघात असा राहिलाच नाही. आत, बाहेर, पुन्हा आत. ६०च्या दशकातल्या बऱ्याच भारतीय खेळाडूंचं हेच झालं.

मग १९७१. वय तिशीचं, फॉर्म गेलेला. नवा कर्णधार अजित वाडेकर याच्या आग्रहामुळे त्याला दौऱ्यात जागा मिळाली, असं सांगितलं जातं. किंग्स्टनला पहिल्या कसोटीत भारत ५ बाद ७५. एका टोकाला सरदेसाई, दुसऱ्या टोकाला एकनाथ सोलकर, हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा. दोघांनी १३७ धावा जोडल्या. पुढे प्रसन्नाबरोबर नवव्या जोडीला १२२. सरदेसाई २१२. भारत ३८७, वेस्ट इंडिज २१७. पहिला दिवस पावसाने गेल्यामुळे सामना चार दिवसांचा धरला गेला, त्यामुळे १५० ची आघाडी फॉलोऑनला पुरेशी होती. वाडेकर सोबर्सला सांगायला गेला की पुन्हा तुम्हीच खेळा. सामना अनिर्णित राहिला, पण त्या एका निरोपाने काहीतरी उलटं फिरलं. पोर्ट ऑफ स्पेनला सरदेसाईचे ११२ आणि भारताचा वेस्ट इंडिजवरचा पहिला विजय. ब्रिजटाउनला ६ बाद ७० वरून पुन्हा सोलकरला घेऊन १८६ ची भागी, स्वतःच्या १५०. मालिकेत ६४२ धावा. एका मालिकेतला हा भारतीय विक्रम ठरला असता, पण त्याच मालिकेत गावसकर नावाच्या नवख्या पोराने ७७४ केल्या! आठवणही अशीच वाटली गेली. १९७१ म्हटलं की गावसकर. ओव्हलवर म्हटलं की चंद्रशेखर. त्या ओव्हलवर सरदेसाईच्या ५४ आणि ४० होत्या, हे सांगावं लागतं.

डिसेंबर १९७२ मध्ये शेवटची कसोटी. एकूण ३० कसोटी, २००१ धावा, पाच शतकं. मुंबईकडून तेरा हंगाम रणजी खेळला, दहा अंतिम सामने, आणि एकाही सामन्यात पराभूत बाजूला नाही. २ जुलै २००७ ला तो मुंबईतच गेला.

हा शेवटचा रणजीचा आकडा मला सगळ्यांत बोलका वाटतो. त्या मुंबईच्या संघात जागा टिकवणं हेच कसोटीपेक्षा अवघड होतं. पावसाळ्यात ओल्या खेळपट्टीवर कांगा लीग, ऑफिसांच्या संघांचे सामने, आणि खेळाडूला पोटापाण्याची नोकरी देणाऱ्या बँका-कंपन्या. धंदेवाईक क्रिकेट तेव्हा नव्हतं, पण ही व्यवस्था त्याच्या जवळ जाणारी होती. मडगावच्या पोराला सतराव्या वर्षी ती मिळाली. त्याने तिथली भाषाही उचलली. किरकोळ गोलंदाजीला 'पोपटवाडी' म्हणायची मुंबईच्या मैदानांवरची लकब त्याचीच असं सांगतात.

मग आपलं काय? कुणी म्हणेल, चिवटपणा तर मातीतला. असेल. पण माझं मत विचाराल तर मडगावने त्याला जन्म दिला, घर दिलं आणि मुंबईला जाऊ दिलं. करियर दिलं मुंबईने. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त 'आमचो' म्हणताना आवाज थोडा खाली असावा.

आणि गोव्याला खेळाडू घडवता येत नाही असंही नाही. फुटबॉलकडे बघा. आसगावात जन्मलेला नेव्हिल डिसोझा १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक करून आला, पण खेळायचा मुंबईत. त्यानंतर इथे खाणींचा पैसा आला, साळगावकर, धेंपे यांचे क्लब उभे राहिले, खेळाडूला नोकरी मिळू लागली. तेव्हा ब्रह्मानंद शंखवाळकर साळगावकरच्या गोलात उभा राहून भारताचा कर्णधार झाला. त्याला गोवा सोडावा लागला नाही. डिसोझा आणि शंखवाळकर यांच्यात एका पिढीचं अंतर आहे, आणि मधे क्लब आहेत. एवढाच फरक, पण तोच सगळा फरक. धेंपेने पुढे पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकली.

क्रिकेटमध्ये गोवा रणजीत आला तोच १९८५-८६ ला. सरदेसाई निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. फातोर्ड्याला, त्याच्याच मडगावात, १९८९ पासून एकदिवसीय सामने झाले, २०१० नंतर थांबले, आता तिथे फुटबॉल आहे. आयपीएलने थोडी दारं उघडली: २००८ मध्ये स्वप्निल अस्नोडकरने राजस्थानकडून ९ सामन्यांत ३११ धावा ठोकल्या, शादाब जकाती चेन्नईकडून खेळला. भारताची कसोटी टोपी मात्र अजून दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर नाही.

गंमत अशी की अलीकडे वारं उलटं वाहू लागलंय. २०२२ मध्ये अर्जुन तेंडुलकर मुंबई सोडून गोव्याकडून खेळायला आला. २०२५ मध्ये यशस्वी जैस्वालने गोव्याकडे येण्यासाठी मुंबईकडे परवानगी मागितली, काही आठवड्यांनी मागेही घेतली. सरदेसाईच्या वेळी मुंबईला जायचं ते चांगलं क्रिकेट मिळावं म्हणून. आता मुंबईहून इथे यायचं ते जागा मिळावी म्हणून. पाहुण्यांचं स्वागत आहे. आपण गोंयकार, स्वागत आपल्याला चांगलं जमतं. पण पाहुणे आले म्हणून घरातल्या पोरांची पानं मांडायची राहू नयेत, एवढी काळजी कुणी तरी घेतली पाहिजे. बाहेरून आलेला एक खेळाडू म्हणजे संघातली एक जागा, आणि आपल्या पोराला आता 'मुंबईला काकांकडे' हा रस्ताही पूर्वीसारखा मोकळा नाही.

पर्वरीच्या मैदानावर डिसेंबर २०२२ मध्ये गोवा विरुद्ध राजस्थान असा रणजी सामना झाला. अर्जुन तेंडुलकरने पदार्पणात १२० केल्या, वडिलांसारखंच पदार्पणात शतक म्हणून देशभर मथळे झाले. त्या भागीदारीत दुसऱ्या टोकाला होता सुयश प्रभुदेसाय, आपल्याच मातीतला पोरगा. त्याने ४१६ चेंडू खेळून काढले. धावा केल्या २१२.

किंग्स्टनचाच आकडा. मथळ्यांत तो खाली कुठेतरी होता.