चौकटीआडचे पाणी

मालवाहू गाडीचे फिरते घर करण्याची हौस युरोपात जुनी आहे. जर्मनीत 1950 साली फोक्सवॅगनच्या टाइप 2 या गाडीचे उत्पादन सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या कारखान्याने तिच्यात झोपण्या-बसण्याची सोय करून दिली. आज तिकडची अनेक कुटुंबे फोर्ड ट्रान्झिट, फियाट डुकाटो किंवा मर्सिडीज स्प्रिंटर यांसारखी वापरलेली व्हॅन विकत घेतात आणि सुटीच्या दिवशी आपल्याच हातांनी तिची कॅम्पर व्हॅन करतात. पलंग बसतो, ओटा बसतो, दिवे लागतात. सर्वांत शेवटी उरते ती खिडकीभोवतीची आतली चौकट. प्रवासाची तारीख जवळ आलेली असते, हात थकलेले असतात आणि हे काम शोभेचे समजून उरकले जाते. गाडी किती वर्षे टिकणार हे मात्र पुष्कळदा तिथेच ठरते.

मालवाहू व्हॅनच्या मागच्या भागाला बहुधा खिडक्या नसतात. बाहेरचा पत्रा कापून त्या बसवाव्या लागतात. पत्र्याच्या आत पोकळी, लोखंडी कण्या, त्यावर उष्णतारोधक फोम आणि शेवटी प्लायवूडचे अस्तर, अशी ही भिंत असते. काच आणि अस्तर यांच्यामध्ये जी उघडी कड राहते, ती झाकण्यासाठी चौकट लागते. दुहेरी अ‍ॅक्रिलिकच्या काही खिडक्यांना आतली व बाहेरची अशा दोन फ्रेम असतात. त्या भिंतीला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारख्या धरतात, म्हणून भिंतीची जाडी फ्रेमच्या मापाची करण्यासाठी कापलेल्या जागेभोवती लाकडी पट्ट्या बसवाव्या लागतात. बाहेरून चिकटवलेल्या काचेला आतली फ्रेम नसते. तिथे सगळी सफाई सुताराच्या हातावर अवलंबून असते.

रात्री बंद गाडीत दोन माणसे झोपली, सकाळी चहाचे आधण ठेवले, की हवेत बाष्प साठते. ही उबदार, ओलसर हवा थंड पृष्ठभागाला भेटली की पाण्याचे थेंब धरतात. काचेवरचे पाणी डोळ्यांना दिसते आणि फडक्याने पुसता येते. पोलाद मात्र लाकडापेक्षा शेकडो पटींनी अधिक उष्णता वाहून नेते, त्यामुळे अस्तरामागचा पत्रा बाहेरच्या थंडीइतकाच गार होतो. चौकटीच्या फटीतून हवा मागे शिरली की तिथेही पाणी धरते. ते कोणाला दिसत नाही आणि कोणी पुसत नाही. पत्र्याची कापलेली कड तशीच कोरी सोडलेली असेल, तर गंज तिथूनच सुरू होतो.

म्हणून चांगला कारागीर चौकटीचे काम पत्र्यापासून सुरू करतो. कापलेल्या कडेची धार तो कानशीने घासून काढतो, लोखंडाचा कीस झाडून गोळा करतो आणि उघड्या धातूला प्रायमर व रंग देतो. फोम पत्र्याला घट्ट चिकटवतो, मध्ये हवेची पोकळी ठेवत नाही. गाडीला कारखान्यातूनच असलेली पाणी निचऱ्याची भोके तो बुजवत नाही.

त्यानंतर माप. व्हॅनची भिंत सरळ नसते आणि खिडकीचे कोपरे गोल असतात, त्यामुळे नुसत्या पट्टीने घेतलेले माप फसते. आधी पुठ्ठ्याचा फर्मा करून तो जागेवर बसेपर्यंत कापत राहावा आणि मगच प्लायवूडला करवत लावावी. गोलाईसाठी प्लायच्या मागच्या बाजूस जवळजवळ अर्धवट खाचा घेतल्या की ती वळते. पातळ प्लायचे थर साच्यावर एकावर एक चिकटवले तर वळण अधिक पक्के बसते. लाकडाच्या सहाही बाजूंना, विशेषतः कापलेल्या कडांना, पॉलिश किंवा रंग द्यावा, कारण प्लाय पाणी पिते ती कडेतूनच. लाकूड काचेला टेकू देऊ नये. मध्ये थोडी जागा ठेवून रबरी पट्टी लावावी. खालची फळी आतल्या बाजूस किंचित उतरती ठेवली, तर काचेवरून ओघळलेले पाणी भिंतीत न जाता समोर येते आणि पुसता येते.

चौकट स्क्रूने बसवावी, कायमची चिकटवू नये. पुढे कधी गळती झाली, तर ती उघडून पाहता आली पाहिजे. स्क्रूची लांबी आधी मोजावी, कारण लांब स्क्रू बाहेरच्या पत्र्याला आतून टोचतो. जिथे वायरी किंवा एअरबॅग असण्याची शक्यता आहे, तिथे गाडीचा आराखडा पाहिल्याशिवाय ड्रिल चालवू नये.

आपल्याकडे गणित थोडे उलटते. कोकणच्या पावसाळ्यात बाहेरची हवा उबदार व दमट असते आणि वातानुकूलनामुळे गाडीचा आतला भाग गार असतो. अशा वेळी बाहेरून भिंतीत शिरलेले बाष्प अस्तराच्या मागच्या अंगाला पाणी धरते. तेव्हा खिडकीचा बाहेरचा सीलंट आतल्या चौकटीइतकाच महत्त्वाचा. शिवाय 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीतील बदलांवर बंधने घालते. पत्र्याला हात लावण्यापूर्वी आरटीओकडे चौकशी करणे शहाणपणाचे.

हिशेब मांडला तर प्रायमरचा डबा, थोडा फोम आणि एक दिवसाची मजुरी, एवढाच हा खर्च. तो वाचवला तर काही वर्षांनी अस्तर, फोम आणि पत्रा तिन्ही बदलावे लागतात. तयार कॅम्पर व्हॅन विकत घेणाऱ्याने गाद्या व दिवे जरूर पाहावेत, पण आधी खिडकीच्या खालच्या कोपऱ्यावर अंगठा दाबून पाहावा. लाकूड दबले किंवा कुबट वास आला, तर सौदा थांबवावा. मालकाची परवानगी घेऊन दोन स्क्रू काढून आत डोकावता आले, तर उत्तमच. ज्याने मागची बाजूही नीट केली आहे, त्याला चौकट उघडून दाखवायला संकोच वाटत नाही.