चिमणी आहे, बॉयलर कुठाय?

खरं सांगू? 'शाहू मिलमध्ये एखादा झकास मॉल का नाही काढत?' हा डायलॉग मी स्वतः किमान पन्नास वेळा मारलाय. कॉलेजात असताना कोटीतीर्थ तलावाच्या बाजूनं गाडी काढली, की ती लांबच लांब भिंत, आतली वाढलेली झाडी आणि वर डोकं काढून उभी असलेली चिमणी दिसायची. आणि डायलॉग आपोआप तोंडात यायचा. ऐन शहरात २७ एकर जागा! फूड कोर्ट, मल्टिप्लेक्स, शिवाय पार्किंगची कटकट नाही. आमच्या ग्रुपमध्ये बाकी कशावरही भांडणं व्हायची, पण या विषयावर शंभर टक्के एकमत. (तुमच्याही ग्रुपमध्ये असणार. प्रामाणिकपणे सांगा!)

हे एकमत मोडलं आमच्या आजोबांनी. वय वर्षं ८४. आणि तेही चक्क मुंबईच्या एका मॉलमध्ये.

आजोबा शाहू मिलचे साचेवाले. साचा म्हणजे माग, हे मला बरीच मोठी झाल्यावर कळलं. लहानपणी मला वाटायचं, आजोबा मिलमध्ये मोदक करतात! मिल बंद झाली २००३ साली, आजोबा त्याच्या दोन वर्षं आधी रिटायर झाले. मी तेव्हा एवढीशी. त्यामुळं मिल चालू असलेली मला आठवत नाही. आमच्याकडे सकाळी कुणी उशिरापर्यंत लोळत पडलं, की अजूनही 'भोंगा झाला की!' अशी हाक येते. भोंगा बंद होऊन इतकी वर्षं झाली, पण घरातला अलार्म तोच.

तर झालं असं, की माझ्या चुलतभावानं, म्हणजे दादानं, मुंबईत फ्लॅट घेतला आणि वास्तुशांतीला आम्ही सगळे महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघालो. दादाचं ऑफिस लोअर परळला. पत्त्यात 'मिल कंपाउंड' असे शब्द आहेत. पाच वर्षं तो हा पत्ता कुरिअरवाल्याला आणि कॅबवाल्याला सांगतोय. कुठली मिल, कधीची, असा प्रश्न त्याला एकदाही पडला नव्हता. त्याला नावं ठेवत नाही. मलाही पडला नसता.

वास्तुशांत झाली, जेवणं झाली. दुसऱ्या दिवशी रविवार. दादानं विचारलं, ''आजोबा, काय बघणार? गेटवे? हाजी अली?''

आजोबा म्हणाले, ''परळ दाव. अण्णा हितंच हुता.''

अण्णा म्हणजे आजोबांचे थोरले भाऊ. दोन भाऊ, दोन गिरण्या. धाकटा कोल्हापुरात शाहू मिलला, थोरला मुंबईत. त्या काळी कोकणातून, साताऱ्यातून, सांगली-कोल्हापुरातून घरटी एक माणूस गिरणीत असायचा म्हणतात. लालबाग-परळच्या चाळीत एका खोलीत दहा-पंधरा जण, पाळीपाळीनं झोपायचे. एकाची रात्रपाळी सुरू झाली, की त्याच्या जागेवर दुसऱ्याची पथारी. अण्णा आजोबा १९८२ च्या संपानंतर एक ट्रंक घेऊन गावी परत आले. पुन्हा मुंबईला गेले नाहीत. आम्हाला एवढंच माहीत.

आता परळ दाखवायचं म्हणजे नेमकं काय दाखवायचं? दादानं थोडा विचार केला आणि आम्हाला घेऊन गेला... फिनिक्सला.

फिनिक्स तुमच्यापैकी निम्म्यांनी पाहिलं असेल आणि उरलेल्यांनी इन्स्टावर. १९०५ मध्ये सुरू झालेली ही कापडगिरणी. नव्वदचं दशक संपता संपता तिथं बोलिंग अ‍ॅली आणि दुकानं यायला लागली, मग बिग बझार, मग 'हाय स्ट्रीट फिनिक्स', मग मोठमोठ्या परदेशी ब्रँडचं 'पॅलेडियम'. आता सगळ्याला मिळून 'फिनिक्स पॅलेडियम' म्हणतात. राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचं नाव गिरणीला आधीपासूनच होतं, हा योगायोग भारीच म्हणायचा.

आजोबा धोतर, पांढरी टोपी, कोल्हापुरी पायताण अशा फुल फॉर्ममध्ये. काचेच्या दारातून आत गेल्यावर गार हवेचा झोत आला, तसे थांबले.

''आमच्या खात्यात हवा दमट ठेवायचे,'' ते म्हणाले. ''हवा कोरडी पडली की सूत तुटतंय. हितं गार ठेवलीया, गिऱ्हाईक तुटू नये म्हणून.''

दादा आणि मी एकमेकांकडं बघत राहिलो. रिटेलमध्ये एमबीए केलेल्या माणसाला हे एका वाक्यात सांगता आलं नसतं!

दीड तास फिरलो. सरकत्या जिन्यावर त्यांनी माझा हात धरला, पण पहिल्यांदाच, पुन्हा नाही. एका शोरूममध्ये शर्टाचं कापड दोन बोटांत धरून 'बरं हाय' असं सर्टिफिकेट दिलं आणि किमतीचं लेबल वाचून हळूच सोडून दिलं. तीन कॉफ्यांचं बिल दादानं त्यांना दिसू दिलं नाही. मग आम्ही बाहेरच्या चौकात आलो आणि समोर ती दिसली. चिमणी. खरीखुरी, गिरणीची, आकाशात गेलेली. बाकी सगळं नवं कोरं आणि मधोमध ही म्हातारी.

पोरं-पोरी सेल्फी काढत होती. मलाही वाटलं, आजोबांचा इथं एक मस्त फोटो होईल. मोबाइल काढला, तर आजोबा चिमणीच्या वरच्या टोकाकडं बघतच नव्हते. ते खाली, बुडाशी काहीतरी शोधत होते.

''चिमणी हाय,'' ते म्हणाले, ''मग बॉयलर कुठाय?''

आमच्याकडं उत्तर नव्हतं. आम्हाला चिमणी म्हणजे लँडमार्क. त्यांच्या लेखी ती एका मोठ्या यंत्राचं नाक. खाली बॉयलर, त्याच्या वाफेवर इंजिन, इंजिनावर पट्टे, पट्ट्यांवर साचे आणि साच्यांवर माणसं. जुन्या गिरणीची ही साखळी. ती त्यांनी बोटांवर मोजून सांगितली आणि शेवटच्या बोटाशी थांबले.

''आणि हितली माणसं कुठं गेली?''

दादानं मोबाइल काढला. त्या दिवशी चिमणीखाली उभं राहून आम्ही जे वाचलं, ते थोडक्यात सांगते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. जवळपास अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला, आणि हजारो लोक पुन्हा कामावर आलेच नाहीत. पुढे गिरण्या आजारी पडल्या, त्यांच्याखालची जमीन मात्र सोन्याची झाली. १९९१ मध्ये नियम आला. जमीन विकसित करायची तर ढोबळमानानं तीन वाटे करा: एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाला. ऐकायला किती छान ना? पण २००१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. वाटणी सगळ्या जमिनीची नाही, तर जिथं बांधकामच नव्हतं तेवढ्या तुकड्याची करायची. गिरणी म्हणजे सगळं बांधकामच! साहजिकच शहराचा आणि घरांचा वाटा पार आक्रसला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि मार्च २००६ मध्ये कोर्टानं ती दुरुस्ती कायम ठेवली.

बिल्डिंग बदलताना घाई झाली तर काय होतं, हेही याच परिसरानं पाहिलंय. कमला मिल कंपाउंडमधल्या रूफटॉप पबची आग आठवते? २९ डिसेंबर २०१७, मध्यरात्र उलटून गेलेली. १४ जण गेले. बरेचसे आपल्याच वयाचे, वाढदिवस आणि पार्टीसाठी आलेले.

मला वाटलं, आता आजोबा उदास होणार. मी 'चला, घरी जाऊ' म्हणायच्या बेतात होते. तर आजोबा चौकाकडं नजर फिरवून म्हणाले, ''हितं दिवं तरी लागल्यात. आपल्या मिलमधी अंधार हाय.''

बोला आता!

म्हणजे माणूस मॉलच्या विरोधात नव्हता. त्यांना गर्दी आवडली होती, पोराटोरांचा गलका आवडला होता. बंद गेटपेक्षा हे बरं, असं त्यांचं सरळ म्हणणं. फक्त त्यांचा प्रश्न उरत होता. बॉयलर कुठाय, माणसं कुठायत? शोभेची चिमणी ठेवली, पण ती कशासाठी होती हे तिथं येणाऱ्या माझ्यासारखीला कळलंच नाही, तर ती ठेवून काय उपयोग?

परत आल्यावर मी जरा शोधाशोध केली. पोलंडमध्ये वूच नावाचं शहर आहे, तिकडचं अगदी गिरणगाव. तिथल्या एका अवाढव्य, लाल विटांच्या जुन्या कापडगिरणीत २००६ मध्ये 'मनुफाक्तुरा' नावाचं शॉपिंग सेंटर उघडलं. दुकानं आहेत, सिनेमा आहे, सगळं आहे. पण विटा जुन्याच ठेवल्यात, मधे भलंमोठं मोकळं मैदान आहे आणि आवारातच त्या कारखान्याचं म्युझियमही आहे. म्हणजे शॉपिंग करता करता आपण कुणाच्या अंगणात उभे आहोत हे कळायची सोय आहे. जमतं की!

आता आपल्या घरी येऊ. शाहू मिलची गोष्ट फिनिक्सपेक्षा वेगळी आहे. कुणा शेठजींनी नफ्यासाठी काढलेली ही गिरणी नाही. कोल्हापुरात उद्योग यावा, इथल्या माणसाला इथंच काम मिळावं म्हणून राजर्षी शाहूंनी १९०६ मध्ये तिची पायाभरणी केली. ज्या राजानं १९०२ मध्ये नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासलेल्या समाजांसाठी राखून ठेवल्या, त्याचं हे चार वर्षांनंतरचं पाऊल. पुढे मिल राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडं आली. म्हणजे मुंबईत जे मालकांच्या खासगी जमिनीवर झालं, ते इथं जसंच्या तसं व्हायचं कारण नाही. इथं विचारायचा हक्क आपल्याला आहे. शाहू स्मारक व्हावं ही मागणी जुनी आहे, आराखड्यांच्या बातम्याही आपण वाचत आलोय.

आणि ही जागा जिवंत झाली की कशी दिसते, ते आपण एकदा पाहिलंयसुद्धा. शाहू महाराजांच्या निधनाला १०० वर्षं झाली, त्या २०२२ च्या एप्रिल-मेमध्ये 'कृतज्ञता पर्व' झालं आणि मिलचं गेट उघडलं. ६ मे रोजी सकाळी १० वाजता सगळं शहर १०० सेकंद स्तब्ध उभं राहिलं, ते आठवत असेलच. मिलच्या आवारात प्रदर्शनं लागली, कार्यक्रम झाले, खरेदीचे स्टॉलसुद्धा लागले. मी आजोबांना घेऊन गेले होते. मला तेव्हा स्टॉलवरच्या वस्तू दिसल्या. आजोबा मात्र एका रिकाम्या शेडच्या दाराशी बराच वेळ उभे होते. मी त्यांना ''चला ना, ऊन लागेल'' म्हणून ओढत घेऊन गेले. काय बघताय, हे विचारायचं मला सुचलं नाही.

तेच विचारायला मला मुंबईचा मॉल लागला.

म्हणून डायलॉग बदललाय. 'मॉल काढा' असंही म्हणत नाही आणि 'मॉल नको' असंही नाही. बाजार असू दे, कॅफे असू दे, मी पहिली जाऊन बसेन! पण खिशात पैसे नसताना ज्याला तासभर सावलीला बसता येईल अशी जागा तिथं असू दे. आणि चिमणीबरोबर बॉयलरही दिसू दे, साचा दिसू दे, तो चालवणाऱ्यांचे फोटो दिसू देत.

ते होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात एक काम आहे आणि त्याला बजेट लागत नाही. मागच्या रविवारी मी आजोबांसमोर मोबाइल ठेवला, रेकॉर्डिंग ऑन केलं आणि म्हटलं, ''साचा कसा चालतो ते सांगा.'' त्यांनी भडंगाची वाटी सरकवली, चहाचा कप बॉयलरच्या जागी ठेवला, चमच्याचा धोटा केला आणि टॉवेलाच्या उभ्या-आडव्या धाग्यांवर अख्खं खातं उभं केलं. चाळीस मिनिटं. मधेच अण्णा आजोबांच्या ट्रंकेत काय होतं, तेही सांगितलं. ते मात्र आमच्या घरातच राहू दे.

मंडळी, मिल बंद झाली तेव्हा पंचविशीत असलेला माणूससुद्धा आता पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे आहे. तुमच्या गल्लीत, सोसायटीत, कदाचित तुमच्याच हॉलमधल्या खुर्चीत असा एखादा मिलवाला बसलेला असेल. या वीकएण्डला रंकाळ्यावर जायच्या आधी त्याच्याशेजारी अर्धा तास बसा. चिमणी शहर सांभाळेल हो, बॉयलर कुठं होता ते सांगणारा माणूस आपल्यालाच सांभाळायचाय.