विश्वासू शस्त्र कोणतें ?

माझे एक जुने विद्यार्थी रत्नागिरीकडील आपल्या बागेंतील एकाकी घरांत राहतात. गेल्या पावसाळ्यांत शेजारच्या वाडींत घरफोडी झाली, तेव्हांपासून त्यांच्या मातोश्रींस झोंप नाहीं. "गुरुजी, घरांत एखादें खात्रीचें हत्यार ठेवावें म्हणतों, कोणतें घ्यावें?" असें त्यांनीं विचारिलें आहे. हा प्रश्न अनेक घरांत निघत असेल, म्हणून उत्तर येथेंच देतों.

प्रथम कायदा पाहूं. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणें परवान्यावांचून बंदूक वा पिस्तूल बाळगणें हा गुन्हा आहे. २०१६ च्या नियमांनीं परवान्यापूर्वीं शस्त्र हाताळण्याचें शिक्षण आवश्यक केलें आहे. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत सांगितला आहे. परंतु त्यासही मर्यादा आहे. बचावास जरूर तेवढीच इजा क्षम्य, अधिक नव्हे.

आतां शस्त्र. बारा बोअरची दुनळी बंदूक रचनेनें साधी, म्हणून सहसा बिघडत नाहीं; पण ती लांब, आणि अंधाऱ्या माजघरांत वळविण्यास अवघड. पिस्तुलांत काडतुसें अधिक मावतात. मात्र एखादें अडकलें तर तें तत्काळ काढण्यास सरावाचा हात लागतो. रिव्हॉल्व्हरमध्यें एक काडतूस न उडाल्यास पुन्हां चाप ओढतांच चक्र फिरून दुसरें पुढें येतें. सराव बेताचा असणाऱ्यास तेंच बरें. हलकेपणावर मात्र भुलूं नये. कानपूरच्या कारखान्यानें २०१४ सालीं काढलेलें 'निर्भीक' सुमारें ५०० ग्रॅम वजनाचें आहे. तें बाळगण्यास सोपें खरें, पण शस्त्र जितकें हलकें तितका त्याच काडतुसाचा धक्का हातास अधिक बसतो.

कोंकणांतील दमट हवेंत लोखंड गंजतें व जुनीं काडतुसें दगा देतात. कौटिल्यानें आयुधागाराच्या अध्यक्षास शस्त्रांची जागा वारंवार बदलण्यास व त्यांस ऊन-वारा देण्यास सांगितलें आहे. खंडेनवमीस पूजेपुरतें बाहेर काढलेलें हत्यार संकटांत चालेल, ही आशा व्यर्थ होय.

परंतु माझी खरी शंका निराळी आहे. आपल्या घरांत पांच मुलें नांदतात. हत्यार उशाशीं ठेविलें तर तें मुलांच्या हातीं लागेल. कुलुपांत ठेविलें तर ऐन वेळीं किल्ली सांपडावयास हवी. शिवाय, आपले धाकटे बंधु रात्रीच्या गाडीनें येतात आणि कोणाची झोंप मोडूं नये म्हणून मागील दारानें आंत शिरतात, हें आपणच मला सांगितलें होतें. भयभीत मनुष्यास अंधारांत चोराची व भावाची पाउलें सारखींच वाटतात.

म्हणून माझा सल्ला असा. मागील दारास भक्कम अडसर बसवावा, अंगणांत रात्रभर दिवा ठेवावा, एक कुत्रा पाळावा आणि शेजाऱ्यांशीं हांकेचा संकेत ठरवावा. बंधूंनीं यापुढें पुढील दारीं उभें राहून नांवानें हांक मारावी. इतकें करूनही मातोश्रींस झोंप येत नसेल, तर आधीं भिंतींत लोखंडी पेटी बसवा, तिची किल्ली एकाच्याच कमरेस राहूं द्या, शिक्षण पुरें करा आणि मगच परवान्याचा अर्ज लिहा. तो लिहिण्यापूर्वीं बंधूंचाही विचार घ्यावा.