पुढील हुकूम होईपर्यंत

२०२५ च्या ऑक्टोबरात अफगाणिस्तानच्या तालिबान सरकारचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्तकी दिल्लीस आले, तेव्हा त्यांच्या पहिल्या वार्ताहर परिषदेत एकही स्त्री-वार्ताहर नव्हती. त्यावरून आपल्याकडे बराच गदारोळ झाला. दोन दिवसांनी दुसरी परिषद भरली, तीत स्त्रियांनाही बोलावण्यात आले, आणि वृत्तपत्रांच्या दृष्टीने प्रकरण मिटले. मला मात्र त्या दुसऱ्या परिषदेतले एक उत्तर अजून खुपते आहे. मुलींच्या शिक्षणाविषयी विचारले असता मंत्रिमहोदयांनी सांगितले, ते अशा अर्थाचे की, हे शिक्षण आम्ही धर्मबाह्य ठरविलेले नाही. पुढील हुकूम होईपर्यंत ते तहकूब आहे, एवढेच.

तहकूब! सभा तहकूब होते, खटला तहकूब होतो. सातवीत जाणारी मुलगी तहकूब कशी ठेवायची?

१५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबानांनी काबूल घेतले. सप्टेंबरात माध्यमिक शाळा उघडल्या त्या मुलांपुरत्या. हुकुमात मुलींचा उल्लेखच नव्हता. २३ मार्च २०२२ रोजी त्यांनाही बोलावणे गेले. मुली वर्गात येऊन बसल्या, आणि काही तासांतच हुकूम फिरला. पोरी रडत घरी गेल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद झाली, आणि २०२४ च्या डिसेंबरात परिचारिका व सुइणी तयार करणारे वर्गही. जगात शाळेबाहेर राहिलेल्या मुली पुष्कळ आहेत. युनेस्कोने २०२३ साली तो आकडा बारा कोटींच्या वर सांगितला होता. त्यांच्या वाटेत दारिद्र्य येते, लांबचा रस्ता येतो, लग्न येते, लढाई येते. पण मुलीने सहावीपुढे शिकू नये असा दंडकच करणारे सरकार आज हे एकटे. त्या दंडकामुळे घरी बसलेल्या मुली २०२४ च्या ऑगस्टपर्यंत निदान चौदा लाख होत्या.

माझे वडील राजवाड्यात गात. त्यांच्यापाशी शिकलो आणि आता मुलामुलींना शिकवितो, म्हणून या तहकुबीचा हिशेब मला शाळा-खात्याच्या रीतीने मांडता येत नाही. बारा ते अठरा या वयात गळा तयार होतो. ती सहा वर्षे गेली की पुढे विशीत बसवून पलटे घोकून घेता येतात, नाही असे नाही. पण मूळ बसकण येत नाही ती नाहीच. हे एका शिष्येचे झाले. याहून मोठी गोष्ट अशी की, ज्या पिढीला तालीम मिळाली नाही ती पुढच्या पिढीला द्यायचे काय? आमच्या धंद्यात अशी कितीतरी घराणी एका पिढीच्या खंडाने बुडाली. बंदिशी वहीत राहिल्या. म्हणून दाखविणारा उरला नाही.

काबूलला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज पडू नये. एकोणिसाव्या शतकात अमीर शेर अली खानाने हिंदुस्थानातून गवई-वादक नेऊन तेथे वसविले, आणि त्यांच्या वंशजांनी खराबात मोहल्ल्यात आपले गाणे जपले. उस्ताद सराहंग तर पतियाळ्याच्या आशिक अली खांसाहेबांकडे वर्षानुवर्षे राहून शिकले. गुरूवाचून विद्या नाही, हे त्या शहराला ठाऊक आहे.

आता शाळांकडे पाहा. तालिबानांच्याच नियमाप्रमाणे मुलींना स्त्रियांनीच शिकवावे, आणि स्त्री-रुग्णाला होईल तितके स्त्रीनेच तपासावे. ठीक, नियम तुमचा. पण मग ती शिक्षिका आणि ती डॉक्टरीण यायची कोठून? आज पहिली ते सहावी शिकविणाऱ्या बाया २०२१ पूर्वी शिकलेल्या आहेत. त्या थकतील, देश सोडतील, मरतील; त्यांच्या जागी बसणारी मुलगी सहावी पास होऊन घरात बसलेली असेल. म्हणजे सहावीपर्यंत शिक्षण चालू आहे असे जे अभिमानाने सांगितले जाते, तेही पूर्वीच्या शिधोरीवर चालले आहे. झळ मुलांनाही लागू लागली. मुलांच्या वर्गांवर शिक्षिका नकोत असे ठरल्यावर शिक्षकांचा तुटवडा पडला. युनेस्कोच्या हिशेबाप्रमाणे प्राथमिक शाळांतील मुले-मुली मिळून २०१९ साली ६८ लाख होती, ती २०२२ साली ५७ लाखांवर आली. आणि सुइणींचे वर्ग बंद केल्याचे मोल मोजायला आकडेशास्त्र नको, कोणत्याही घरातली आजी ते सांगेल.

गाण्याचे काय झाले ते थोडक्यात सांगतो. काबूलच्या राष्ट्रीय संगीत संस्थेत मुलींचा ‘झोहरा’ नावाचा वाद्यवृंद होता. २०१७ साली तो दावोसला वाजवून आला. तालिबान आल्यावर त्या संस्थेची २७३ माणसे देश सोडून गेली आणि पोर्तुगालमध्ये आश्रयाला राहिली. मागे राहिलेल्यांसाठी २०२४ च्या ऑगस्टात कायदाच झाला: स्त्रीचा आवाज हीच झाकण्याची वस्तू. चारचौघांत तिने गाऊ नये, मोठ्याने वाचूही नये. ‘घरंदाज मुलीने गावे काय’ हा वाद आपल्या आज्यांच्या काळी आपल्याही घरांत झालेला आहे, तेव्हा फार नाक मुरडण्याचे कारण नाही. फरक एवढाच की तो वाद घरात होत होता, आणि तो हरता-जिंकता येत होता.

आपल्या बडोद्याचा दाखला येथे आठवतो. सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेलीकडे सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सबंध संस्थानास लावला, मुलींसकट. मुलग्यांना सक्ती बाराव्या वर्षापर्यंत आणि मुलींना दहाव्या वर्षापर्यंतच, ही त्यातली उणीव लपवू नये. पण मुलींच्या शाळांना आधी बाया-शिक्षिका लागतील हे त्या सरकारने ओळखले होते आणि त्यांच्यासाठी ट्रेनिंग कॉलेज चालविले होते. महाराणी चिमणाबाई १९२७ साली पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या, तेव्हा त्या परिषदेपुढचा मुख्य विषय शिक्षणाचाच होता.

आता जगाचे वर्तन. २०२५ च्या जुलैत रशियाने तालिबान सरकारला मान्यता दिली. ऑक्टोबरात आपणही काबूलमधील आपल्या कचेरीस पुन्हा दूतावासाचा दर्जा दिला. शेजारी आहेत, बोलावेच लागते. मी त्याला दोष देत नाही. पण बोलणी करारमदारांची, विमानमार्गांची आणि सुक्या मेव्याची होतात, तेव्हा त्याच मेजावर एक साधी मागणी ठेवता येते: ‘पुढील हुकूम’ केव्हा, त्याची तारीख द्या. तोवर सुइणींचे वर्ग तरी उघडा. ती मागणी करण्यास मान्यता काढून घ्यावी लागत नाही, की धर्मचर्चाही करावी लागत नाही.

दरम्यान कित्येक मुली घरीच दार लावून, फोनच्या पडद्यावर शिकत आहेत. भारताच्याही शिष्यवृत्त्या अशा दुरून शिकणाऱ्यांना मिळतात. २०२५ च्या सप्टेंबरअखेर सरकारने सबंध देशाचे इंटरनेट दोन दिवस तोडले, तेव्हा तेही वर्ग बंद पडले. १ ऑक्टोबरला ते पुन्हा जोडले गेले. मंत्रिमहोदय ९ तारखेस दिल्लीत उतरले.