कॅमेरा : नावाचा आणि कामाचा

सोयाबीनचे पैसे हाती येऊ लागले आणि दिवाळी तोंडावर आली, की वाशिम, कारंजा, रिसोड येथील बाजारपेठांत नव्या वस्तूंच्या जाहिरातींना बहर येतो. अलीकडे त्यांत कॅमेरे आणि कॅमेऱ्याच्याच बळावर खपणारे मोबाईल यांचा वाटा मोठा आहे. हौशी नोकरदाराने एखादी महाग वस्तू घेतली आणि ती कपाटात पडून राहिली, तर हळहळण्यापलीकडे फारसे काही बिघडत नाही. परंतु लग्नसमारंभांची छायाचित्रे काढून पोट भरू पाहणारा खेड्यातील तरुण जेव्हा केवळ नावाला भुलून हप्त्यांवर कॅमेरा उचलतो, तेव्हा एका लग्नसराईची कमाई त्या हप्त्यांतच जाते. म्हणून या प्रश्नाकडे केवळ हौसेचा प्रश्न म्हणून पाहता येत नाही.

जाहिरातीत सर्वांत ठळक असतो तो मेगापिक्सेलचा आकडा. या आकड्याचा हिशेब शाळेतील मुलालाही करता येण्याजोगा आहे. चार बाय सहा इंचांचे छायाचित्र इंचाला ३०० ठिपके या उत्तम प्रतीने छापायचे, तर १,२०० गुणिले १,८०० म्हणजे २१ लाख ६० हजार ठिपके लागतात; म्हणजे दोन मेगापिक्सेलहून किंचित अधिक. कार्यालयातील नेहमीच्या ए-फोर कागदाएवढ्या छपाईला नऊ मेगापिक्सेल पुरतात. आता ज्याची छायाचित्रे मोबाईलच्या पडद्यापलीकडे क्वचितच जाणार, त्याने पन्नास किंवा शंभर मेगापिक्सेलसाठी जादा पैसे का मोजावेत, याचे उत्तर विक्रेत्याने द्यावयास हवे.

वास्तविक छायाचित्र घडते ते प्रकाशाने. रात्रीच्या मांडवात अंतरपाट दूर होतो तो क्षण टिपायचा, तर भिंगातून पुरेसा प्रकाश आत आला पाहिजे. नव्या कॅमेऱ्यासोबत मिळणारे साधे झूम भिंग लांबच्या टोकाला बहुधा एफ ५.६ एवढेच उघडते. उलट ५० मिलिमीटरचे, एफ १.८ चे भिंग त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते आणि ते भिंगांतल्या स्वस्त प्रकारांपैकी आहे. सबब जुना, साधा कॅमेरा आणि हे एक भिंग घेणारा तरुण, महाग कॅमेऱ्याला सोबतचेच भिंग लावून उभ्या असलेल्या स्पर्धकाहून मांडवात सरस ठरू शकतो. जाहिरातीत मात्र या दहापटीचा उल्लेख सहसा आढळत नाही.

गरज ठरवायची तर आपल्या जिल्ह्याकडेच पाहावे. कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात काळविटांचा कळप दुरूनच पाहावा लागतो. तेथे तीनशे मिलिमीटर किंवा अधिक लांबीचे भिंग हवेच, आणि त्यावर खर्च करणे मुळीच उधळपट्टी नव्हे. मोबाईलच्या पडद्यावर बोटांनी प्रतिमा मोठी करत नेणे म्हणजे पुष्कळदा तिच्या कडा कापून उरलेला तुकडा ताणणे होय. याउलट कारंज्याच्या जैन ग्रंथभांडारांत आहेत तशा जुन्या पोथ्यांची पाने टिपायची असतील, तर पोथी पळत नाही. तेथे हवी ती स्थिर तिपाई, दोन्ही बाजूंनी येणारा सारखा सौम्य उजेड आणि पानाशी समांतर धरलेला कॅमेरा. या कामाला दहा वर्षांपूर्वीचा कॅमेराही चालेल. हात थरथरला तर नवा कोराही निरुपयोगी. पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेत बंजारा स्त्रियांच्या आरसेकामाचे बारकावे टिपू पाहणाऱ्या विद्यार्थ्याची गरज याहून निराळी : वस्तूच्या अगदी जवळ जाऊन नजर स्थिरावणारे भिंग त्याला हवे. (आणि छायाचित्र घेण्यापूर्वी त्या स्त्रीला विचारण्याचे सौजन्य, ते कोणत्याही कॅमेऱ्यासोबत मिळत नाही.)

शेतकऱ्याची गोष्ट तर याहून बोलकी आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र पाठविणे हे शेतकऱ्याचे एक कामच होऊन बसले. या कामाला पीक ओळखू येईल एवढी प्रतिमा आणि जागेची नोंद पुरते. भारी आकड्यांची अवजड छायाचित्रे जेथे मोबाईलला धड रेंज मिळत नाही अशा शिवारातून पाठविणे उलट कठीण.

नावाची मोहिनी किती फसवी असते, याचे उदाहरण २०१२ साली साऱ्या जगाने पाहिले. नोकिया कंपनीने आपल्या ल्युमिया ९२० या मोबाईलची जाहिरात काढली. त्यातील एका खिडकीच्या काचेत मोठा कॅमेरा घेतलेला माणूस प्रतिबिंबित झाला आणि ते चित्रण त्या मोबाईलचे नव्हेच, हे उघड झाले. कंपनीला क्षमा मागावी लागली. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पण तो होईपर्यंत आपला हप्ता सुरू झालेला असतो.

बडोद्याला तयार होणारा आग्फा क्लिक-थ्री कॅमेरा आमच्या पिढीला आठवत असेल. एका रिळात बाराच छायाचित्रे, फिरवण्याजोग्या कळा मोजक्याच. तरीही कित्येक घरांचे आल्बम त्यानेच भरले. बाराच संधी असल्याने माणूस कळ दाबण्यापूर्वी विचार करी, हेही खरे.

अर्थात नावाला काहीच अर्थ नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. एका कंपनीचे भिंग दुसरीच्या कॅमेऱ्याला सहसा थेट बसत नाही. म्हणून पहिली निवड पुढील अनेक वर्षांची बांधिलकी ठरते. त्या कंपनीची जुनी भिंगे आसपास मिळतात काय, बिघाड झाल्यास दुरुस्ती अकोल्यात होईल, अमरावतीला जावे लागेल की थेट नागपूर गाठावे लागेल, हे आधी विचारावे. आपले मेमरी कार्ड खिशात घालून दुकानात जावे, दुकानाच्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात दहा छायाचित्रे घ्यावीत आणि घरी आणून मोठ्या पडद्यावर पाहावीत. दुकानदार याला राजी नसेल, तर त्याच रस्त्यावर दुसरे दुकान असते.