विश्लेषण : सोसायटीच्या आवारात मुंगूस, उदमांजर, बिबट्या… आनंद घ्यायचा की धसका?

पार्किंगमधून पळणारे मुंगूस, कुंपणाच्या भिंतीवर ऊन खात पडलेली घोरपड आणि मध्यरात्री गेटच्या सीसीटीव्हीत दिसलेला बिबट्या. बोरिवली, गोरेगाव, मुलुंड, ठाण्यातील सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असे व्हिडीओ आता नवीन राहिलेले नाहीत. त्यावर हमखास दोन प्रतिक्रिया येतात. एक, ‘किती गोड, काहीतरी खायला ठेवू या’ आणि दुसरी, ‘वन विभागाला सांगून पकडून न्यायला लावा’. या दोन्ही प्रतिक्रिया प्राण्यांच्या आणि शेवटी माणसांच्याही अंगाशी येतात. त्या कशा, हे समजून घेऊ.

हे प्राणी येतात कुठून?

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे. त्याच्या तिन्ही बाजूंना शहर थेट कुंपणाला येऊन भिडले आहे. मात्र, आवारात दिसणारा प्रत्येक प्राणी जंगलातून ‘भरकटून’ आलेला नसतो. मुंगसाला झुडपे, गटाराकडेची बिळे आणि उंदीर मिळाले की पुरते. निशाचर उदमांजर पोटमाळ्यावर किंवा झाडाच्या ढोलीत राहते आणि उंबर, आंबा, पपईवर ताव मारते. वड-उंबर फळांवर आले की महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल आणि रात्री वटवाघळे हजर होतात. यातील अनेक प्राणी इमारतीच्या आधीपासून तिथे आहेत. म्हणजे ते पाहुणे नसून शेजारी आहेत.

बिबट्या दिसला म्हणजे धोका आहे का?

दिसणे आणि हल्ला करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. २०१५ मध्ये कॅमेरा ट्रॅपद्वारे झालेल्या गणनेत उद्यान आणि परिसरात ३५ बिबटे आढळले होते. २०१८ मध्ये हा आकडा ४७ होता. इतके बिबटे लाखो लोकांच्या शेजारी राहतात आणि बहुतेक रात्री कोणाच्या लक्षातही येत नाहीत. कचऱ्यावर भटकी कुत्री आणि डुकरे पोसली जातात आणि त्यांच्या मागावर बिबट्या येतो. सीसीटीव्हीत तो बहुतेक वेळा नुसता जाताना दिसतो.

पण धोका शून्य नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये आरे वसाहतीत दीड वर्षाच्या मुलीचा बिबट्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्यामुळे जंगलालगतच्या वस्तीत अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटे न सोडणे, वाटेवर दिवे असणे आणि कचरा वेळेवर उचलला जाणे, या गोष्टींना पर्याय नाही.

पकडून दूर सोडले तर प्रश्न सुटेल?

उलट तो वाढू शकतो. जुन्नर परिसरात बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याची मोहीम झाली. त्यावरील वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मोहिमेपूर्वी तिथे वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. मोहिमेनंतर ही सरासरी १७ वर गेली. एका बिबट्याची जागा रिकामी झाली की दुसरा येतो आणि अनोळखी ठिकाणी सोडलेला प्राणी बिथरतो.

बिबट्या सोडलेल्या जागी थांबतही नाही. २००९ मध्ये नगर जिल्ह्यात विहिरीतून काढलेल्या ‘आजोबा’ या बिबट्याला जीपीएस पट्टा लावून माळशेज घाटात सोडले होते. तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या वेशीवर पोहोचला. अशा अनुभवांनंतर २०११ मध्ये वन विभागाने ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. पिंजऱ्याऐवजी जनजागृतीवर त्याचा भर आहे.

खायला घातले तर काय बिघडते?

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होते. माकडाला दोनदा बिस्कीट मिळाले की माणूस म्हणजे खाऊ, हे त्याला कळते. तिसऱ्यांदा ते हातातली पिशवी ओढते, नंतर खिडकीतून स्वयंपाकघरात शिरते आणि कोणालातरी चावते. मग तेच माकड ‘उपद्रवी’ ठरून पिंजऱ्यात जाते. बिस्कीट देणारा मात्र नामानिराळा राहतो. रात्री बाहेर ठेवलेल्या मांजरांच्या खाण्यावर उंदीर आणि कुत्री जमतात आणि पुढची साखळी बिबट्यापर्यंत पोहोचते. भूतदया आणि सार्वजनिक आरोग्य यांतील ताण २०२५ मध्ये मुंबईतील कबुतरखान्यांच्या वादातही दिसला.

कायद्याची बाजूही आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधील ‘शिकारी’च्या व्याख्येत मारण्याबरोबरच सापळा लावणे, पकडणे, हाकलत नेणे आणि आमिष दाखवणे हेही येते. म्हणजे घोरपडीला रील बनवण्यासाठी गाठून कोंडणे ही गंमत राहत नाही.

मग आनंद कसा घ्यायचा?

आपल्यामुळे प्राण्याचे वागणे बदलले नाही, तर आनंद घ्यायला काहीच हरकत नाही. मुंगूस थबकून आपल्याकडे पाहू लागले, तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजावे. फोटो काढताना झूम वापरा, फ्लॅश बंद ठेवा. घरटे, ढोली किंवा बिबट्याचे नेमके लोकेशन समाज माध्यमांवर टाकू नका. नोंद ठेवायची असेल तर पक्ष्यांसाठी ‘ई-बर्ड’ आणि इतर जीवांसाठी ‘आयनॅचरलिस्ट’ ही अ‍ॅप मोफत आहेत. खाऊपेक्षा आवारातील जुना उंबर न तोडणे, एखादा कोपरा झाडाझुडपांसाठी सोडणे आणि रात्रीचे अनावश्यक फ्लडलाइट बंद ठेवणे यांनी प्राणी जास्त टिकतात.

फोन कधी करायचा?

प्राणी जखमी असेल, अडकला असेल, साप घरात असेल किंवा बिबट्या बंद जागेत शिरला असेल, तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावे. तोपर्यंत गर्दी हटवणे हीच मोठी मदत ठरते, कारण चहूबाजूंनी घेरलेला बिबट्या सुटकेसाठी माणसाच्या अंगावर येऊ शकतो. पण बिबट्या नुसता गेटसमोरून निघून गेला असेल आणि मुंगूस नुसते पार्किंगमधून पळाले असेल, तर पकडण्याची मागणी करण्याची गरज नाही. खिडकीतून पाहावे, मुलांना दाखवावे आणि त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यावे.