एकट्या आईला वेळेचे नियोजन शिकवू नका, पाळणाघर द्या!

एकट्या आईला सल्ले देणाऱ्यांची सध्या चलती आहे. पहाटे पाचला उठा, रविवारीच आठवड्याची भाजी निवडून ठेवा, कामांची यादी करा, रोज अर्धा तास स्वतःसाठी राखा. मोबाइल उघडला की कुणीतरी हसतमुख बाई हे सांगत असते. हा सल्ला नेमका कुणासाठी आहे, एवढाच आमचा सवाल आहे.

आठवड्याची भाजी निवडून ठेवायला फ्रिज लागतो. पहाटे पाचला उठायचे तर आदल्या रात्री दहाला पाठ टेकावी लागते. यादीप्रमाणे वागायचे तर नळाला पाणी आपल्या वेळेने यावे लागते. आणि या सगळ्यावरचा शेवटचा उपाय ठरलेला असतो: "भांड्याला बाई लावा." ती बाई येते कुठून? आमच्याच वस्तीतून येते. बदलापूर-अंबरनाथच्या टॉवरमधली भांडी घासून ती घरी परतते, तेव्हा तिच्या मोरीतली भांडी कोण घासणार? पुष्कळदा तीही एकटीच आई असते. एका बाईचे 'वेळेचे नियोजन' दुसरीच्या वेळेवर उभे आहे. आणि या उतरंडीत खालच्या पायरीवर कुठल्या जातीच्या बाया आहेत, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

आता मोरिवलीच्या एमआयडीसी पट्ट्यात कामाला जाणारी आई डोळ्यांसमोर आणा. नवरा वारला असेल, सोडून गेला असेल किंवा मार खाऊन तीच बाहेर पडली असेल. साधा हिशेब करू. आठ तासांची पाळी, मधली सुट्टी आणि जाणे-येणे धरून दहा तास गेले. सहा तास झोप. उरले आठ. त्यात पाणी भरणे, स्वयंपाक, धुणीभांडी, बाजार, रेशन, मुलाची शाळा, अभ्यास, आजारपण. ओव्हरटाइम लागला तर आठाचे सहा होतात. हिला यादी करायला शिकवणार? तिची यादी तोंडपाठ आहे. कमी आहेत ते हात.

हे हात कुणाचे कमी पडतात, ते सरकारी आकडेच सांगतात. 2019 च्या केंद्राच्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार देशात घरातले बिनपगारी काम 81.2 टक्के बायका करतात आणि फक्त 26.1 टक्के पुरुष. जे करतात त्यांच्यातही बाईची दिवसाची सरासरी 299 मिनिटे, पुरुषाची 97. एकट्या आईच्या घरात तर तो 97 मिनिटांचा वाटेकरीही नाही. एकट्या बापावरही हीच वेळ येते, पण निदान त्याला आजूबाजूचे "अरेरे" म्हणून डबा तरी देतात. बाईला विचारतात, "तुझेच काही चुकले असेल."

कुणी म्हणेल, हा घरातला प्रश्न, त्यात चळवळीचे काय काम? त्यांनी बाबासाहेबांकडे पाहावे. 1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांची मांडणी स्पष्ट होती: आईला मिळणारी विश्रांती देशाच्या हिताची आहे, म्हणून तिचा भार सरकारने उचलावा आणि बाईच्या श्रमातून नफा कमावणाऱ्या मालकानेही उचलावा. बाईने पदर खोचून कसेबसे निभवावे, असे ते म्हणाले नाहीत. 1942 च्या जुलैमध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद झाली, तिथे आमच्या आज्यांनी कामगार बायकांसाठी रजा, भरपाई आणि पेन्शन मागितली. घटस्फोटाचा हक्कही मागितला. ऐंशी वर्षांपूर्वी त्या हक्क मागत होत्या. आज त्यांच्या नातींना टिप्स दिल्या जातात!

कायदा काय म्हणतो? 2017 च्या दुरुस्तीने प्रसूती लाभ कायद्यात 50 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक केले. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ देण्याची तरतूद आहे. पण 45 कामगारांच्या युनिटमधल्या बाईचे काय? छोट्या कारखान्यांच्या वसाहतीत ही 50 ची अट म्हणजे मालकांसाठी पळवाट आणि आईसाठी बंद दार. मात्र त्याच कलमात एक गोष्ट लिहिली आहे, तिच्याकडे कुणी बघत नाही: पाळणाघर स्वतंत्र किंवा सामाईक, दोन्ही चालते. म्हणजे वसाहतीतल्या कंपन्यांनी मिळून एक पाळणाघर चालवायला कायद्याची आडकाठी नाही. कारखान्यांना भूखंड देणाऱ्या एमआयडीसीला एका पाळणाघराला जागा देणे जड जाऊ नये. आडकाठी आहे ती फक्त इच्छेची.

याच्या बदल्यात सरकार काय देते? 2024 पासून लाडकी बहीण योजनेचे महिना 1,500 रुपये. दिवसाला 50. आम्ही या पैशाला नाक मुरडत नाही, तो बाईच्या हाती येतो हे चांगलेच. पण 50 रुपयांत दिवसभर मूल कोण सांभाळेल? अंगणवाडी काही तासांत सुटते. त्यानंतर मूल शेजारणीच्या भरवशावर, नाहीतर थोरल्या बहिणीच्या कडेवर. मग त्या बहिणीची शाळा सुटते. आईच्या थकव्याची किंमत अशी पुढच्या पिढीतली मुलगी भरते. मुलांच्या सुरक्षिततेसाठी 20 ऑगस्ट 2024 ला बदलापुरात लोक रुळांवर बसले, तो संताप खराच होता. पण शाळा सुटल्यापासून आई परत येईपर्यंतच्या तासांसाठी कोण रुळावर बसणार?

आता थोडे आपल्याच मंडपात. दर 7 फेब्रुवारीला आपण रमाईचा त्याग सांगतो. बाबासाहेब परदेशात शिकत असताना त्या माऊलीने हलाखीत घर चालवले, पाचपैकी चार मुले गमावली. हे ऐकून आपल्या डोळ्यांत पाणी येते. पण मंचावर हे सांगणाऱ्या कार्यकर्त्याच्या घरी त्या दिवशीचा स्वयंपाक कोण करत असते? रमाईच्या त्यागाला वंदन जरूर करा, पण तो दाखवून आजच्या आईकडून त्याग वसूल करू नका. रात्री नऊच्या बैठका ठेवायच्या आणि "महिला येत नाहीत" म्हणून तक्रार करायची, हे ढोंग बंद झाले पाहिजे.

म्हणून दोस्तांनो, काम करायचे असेल तर हे करा.

पहिले, मोरिवली एमआयडीसीत सामाईक पाळणाघराची मागणी लेखी द्या. एमआयडीसी, कामगार कार्यालय आणि नगरपालिका, तिघांना. पोच घ्या आणि पाठपुरावा करा.

दुसरे, क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचे अर्ज वस्तीत भरून घ्या. एक पालक गमावलेल्या मुलांसाठी महिना 2,250 रुपयांची ही योजना आहे. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे जातो. कागदपत्रांसाठी आईची दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून तिच्या वतीने धावपळ तुम्ही करा.

तिसरे, विहार संध्याकाळी पाच ते आठ मुलांसाठी उघडा. अभ्यास, खाऊ आणि विश्वासातली दोन मोठी माणसे, ज्यांत एक बाई हवीच. जयंतीच्या डीजेच्या खर्चातला थोडा भाग इकडे वळवला तर कुणाची भीमभक्ती कमी होत नाही.

चौथे, भावांनो, घरी जाऊन भांडी घासा. 97 मिनिटांचा आकडा भाषणाने वाढणार नाही.

आणि एकट्या आयांनो, तुम्हाला आमचा सल्ला नाही, फक्त सांगणे आहे. एखाद्या रात्री वरण-भातावर भागवले, कपड्यांना इस्त्री राहिली, लादी दोन दिवस पुसली नाही, तर काही बिघडत नाही. पै-पाहुण्यांची बोलणी ऐकण्यापेक्षा तासभर झोपा. घर लखलखीत ठेवण्याचा मक्ता बाईला कुणी दिला, हे ज्यांनी मनुस्मृती जाळली त्यांच्या लेकींना माहीत आहे. तुमचा थकवा हा तुमचा नाकर्तेपणा नाही, तो समाजाने थकवलेला हिशेब आहे. तो मागायला या, मुलांना सोबत घेऊन या. बैठक संध्याकाळी सहाला असेल, आणि चहा पुरुष करतील.

जय भीम!